एकोणतीस वर्षं, सतरा कथा : टेड चियांगच्या कारकिर्दीचं प्रकरण

विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाच्या दोन-तीन कथा छापून आल्या की त्याला हमखास विचारलं जातं, "मग कादंबरी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कथा म्हणजे उमेदवारी आणि कादंबरी म्हणजे खरं काम, हा समज इंग्रजी विज्ञानकथेच्या जगात पक्का बसलेला आहे. त्याच्या मुळाशी साहित्यिक कारण फारसं नाही, पैशाचं गणित आहे. टेड चियांग या अमेरिकी लेखकाने हा प्रश्न मुलाखतीमागून मुलाखतीत ऐकला, सभ्यपणे उत्तर दिलं, आणि कादंबरी लिहिली नाही. १९९० साली त्याची पहिली कथा छापून आली. २०१९ साली दुसरा कथासंग्रह आला. पहिल्या संग्रहात आठ कथा, दुसऱ्यात नऊ. एकोणतीस वर्षांत सतरा.

या सतरा कथांच्या नावावर चार ह्यूगो आणि चार नेब्युला पुरस्कार आहेत, विज्ञानकथेच्या जगातले हे दोन सर्वांत मानाचे पुरस्कार. पुरस्कारांची यादी वाचून माणूस थक्क होतो आणि तिथेच थांबतो. मला त्या यादीपेक्षा तिच्या मागची व्यवस्था पाहायची आहे. इतकं कमी लिहिणारा कथालेखक टिकला कसा, त्याचं घर कशावर चाललं, आणि वाचक त्याला विसरले का नाहीत?

सुरुवातीचा भाग सर्वसाधारण आहे, म्हणून तो लवकर उरकतो. चियांगचा जन्म १९६७चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट जेफरसनचा, स्थलांतरित चिनी कुटुंबातला. शाळेत असल्यापासून तो मासिकांकडे कथा पाठवत होता आणि त्या परत येत होत्या. १९८९ साली ब्राऊन विद्यापीठातून त्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी तो क्लॅरियन कार्यशाळेला गेला. क्लॅरियन हे या क्षेत्रातलं गुरुकुल. १९६८पासून चालत आलेली ही सहा आठवड्यांची निवासी कार्यशाळा तेव्हा मिशिगन स्टेट विद्यापीठात भरत असे. शिकवायला लिहिते लेखक येतात, विद्यार्थी रोज एकमेकांच्या कथा वाचतात आणि समोरासमोर फाडतात. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९०च्या 'ऑम्नी' मासिकात 'टॉवर ऑफ बॅबिलॉन' छापून आली.

'ऑम्नी'ची जागा समजून घ्यायला हवी. ते निव्वळ विज्ञानकथेचं मासिक नव्हतं. गुळगुळीत कागदावरचं, विज्ञानावरचे लेख देणारं, मोठ्या खपाचं मासिक होतं ते, आणि कथांना विज्ञानकथेच्या नेहमीच्या मासिकांपेक्षा कितीतरी जास्त मानधन देत असे. कथांची संपादक होती एलेन डॅटलो. तिथे पहिली कथा छापून येणं म्हणजे गल्लीत न खेळता थेट मोठ्या मैदानावर उतरणं. कथा बायबलमधल्या, आकाशाला भिडण्यासाठी बांधायला घेतलेल्या बॅबलच्या मनोऱ्याची, पण तो मनोरा खरोखर बांधला जातोय आणि आकाश हे वर टेकलेलं दगडी छत आहे, असं गृहीत धरून लिहिलेली. खाली गाड्यावर चढवलेली वीट वर उतरवली जाईपर्यंत चार महिने जातात. मोकळ्या हाताने चढणाऱ्यालाही दीड महिना लागतो. चमत्काराला अभियंत्याच्या नजरेने पाहण्याची ही रीत पुढे चियांगची ओळख झाली. या पहिल्याच कथेला नेब्युला मिळालं. १९९२ साली नवोदित लेखकासाठीचा कॅम्पबेल पुरस्कारही मिळाला (२०१९पासून त्याचं नाव बदलून अस्टाउंडिंग पुरस्कार झालं आहे). दरम्यान १९९१ साली आणखी दोन कथा आल्या, 'डिव्हिजन बाय झीरो' आणि 'अंडरस्टँड'.

आणि मग काहीच नाही. १९९८पर्यंत एकही नवी कथा नाही.

ही सात वर्षं म्हणजे या प्रकरणाचा गाभा, असं मला वाटतं. कोणत्याही व्यावसायिक सल्लागाराने या काळाबद्दल एकच गोष्ट सांगितली असती. नाव गरम आहे, पुरस्कार ताजा आहे, आता दर तीन महिन्यांनी काहीतरी छापून येऊ दे आणि दोन वर्षांत कादंबरी दे. हा सल्ला मूर्खपणाचा नाही. त्यामागचा हिशेब असा.

अमेरिकेत विज्ञानकथेचं मानधन शब्दावर मोजतात. तिथली लेखकांची संघटना (एसएफडब्ल्यूए, नेब्युला देणारी हीच) व्यावसायिक मानधनाचा किमान दर ठरवते. मासिक त्या दराने पैसे देत असेल तरच ते 'प्रो मार्केट'. हा दर बराच काळ शब्दाला तीन सेंट होता. २००४ साली पाच झाला, २०१४ साली सहा, २०१९ साली आठ. म्हणजे ७,५०० शब्दांच्या कथेचे जुन्या दराने २२५ डॉलर आणि २०१९च्या किमान दराने ६०० डॉलर. अशी कथा लिहायला दोन महिने लागले, तर तीनशे डॉलर महिना. एजंटचा वाटा पंधरा टक्के धरला तर सहाशेतले नव्वद. नव्वद डॉलरसाठी कोणता एजंट पत्रव्यवहार करील? म्हणूनच फक्त कथा लिहिणारे बहुतेक लेखक आपल्या कथा स्वतःच पाठवतात, आणि मोठे प्रकाशक तर बहुधा एजंटशिवाय बोलतच नाहीत. कादंबरीला आगाऊ रक्कम मिळते, एजंट मिळतो, दुकानात फळी मिळते. कथेकडून कादंबरीकडे जाणारा रस्ता असा उताराचा आहे. पाणी तिकडेच वाहणार.

चियांगच्या बाबतीत हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन्ही संग्रह मिळून दोन लाख शब्द आहेत असं अंदाजाने धरून चालू. सगळ्यांना २०१९चा आठ सेंटचा दर लावला (जो त्यातल्या बहुतेक कथा लिहिल्या गेल्या तेव्हा नव्हताच), तर १६,००० डॉलर होतात. एकोणतीस वर्षांवर वाटले की वर्षाला साडेपाचशे. पुनर्मुद्रणं, भाषांतरं, पुस्तकांची स्वामित्वरक्कम यांनी हा आकडा वाढतो हे खरं. पण मासिकांच्या मानधनावर घर चालवायचा विचारही इथे हास्यास्पद ठरतो.

घर चालत होतं ते दुसऱ्याच लेखनावर. चियांग सिएटलजवळच्या परिसरात तांत्रिक लेखक म्हणून काम करत होता. सॉफ्टवेअर बनवणारे जे बनवतात ते वापरणाऱ्या प्रोग्रामरांना समजावून सांगणारा मजकूर लिहायचा, हा त्याचा व्यवसाय. लेखकाची पोटापाण्याची नोकरी हा विषय बहुधा करुण सुरात सांगितला जातो : बिचारा दिवसभर खर्डेघाशी करायचा आणि रात्री प्रतिभा जागवायचा. चियांगच्या बाबतीत तो सूर लावायची मला गरज दिसत नाही. नोकरीने वेळ खाल्ला हे खरंच. दिवसभर शब्दांचंच काम करून संध्याकाळी पुन्हा शब्दांकडे वळणं किती जड जातं, हे तसं काम केलेल्या कुणालाही विचारा. पण त्याच नोकरीने त्याला एक मोठी मोकळीक दिली. कथा तयार नसेल तर ती न पाठवण्याची. फक्त लेखनावर जगणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

या सात वर्षांत शिजत असलेली कथा म्हणजे 'स्टोरी ऑफ युअर लाइफ'. तिला इतकी वर्षं लागावीत अशीच ती आहे. मूळ ठिणगी भौतिकशास्त्रातली. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने मांडलेलं तत्त्व असं की प्रकाश एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाताना कमीत कमी वेळ लागणारा मार्ग घेतो. हवेतून पाण्यात शिरताना किरण वाकतो, ते आपण शाळेत वेगळ्या भाषेत शिकतो : माध्यम बदललं, वेग बदलला, म्हणून किरण वाकला. आधी कारण, मग परिणाम. फर्माच्या भाषेत मात्र किरणाला निघण्याआधीच मुक्काम ठाऊक असावा असं वाटतं, नाहीतर सर्वांत लवकर पोचायचा मार्ग तो निवडणार कसा? दोन्ही मांडण्यांचं गणित एकच उत्तर देतं. जग तेच, पाहण्याच्या रीती दोन. या विचाराने चियांगला धरलं, पण विचार म्हणजे कथा नव्हे. एकपात्री प्रयोग करणाऱ्या पॉल लिंके या अभिनेत्याने कर्करोगाने गेलेल्या आपल्या पत्नीवर केलेला प्रयोग त्याने पाहिला, आणि जे टळणार नाही त्याला सामोरं जाणारं माणूस त्याला तिथे सापडलं. संग्रहाच्या टिपांमध्ये त्याने हे सांगितलं आहे. तरीही कथा लिहिता येईना, कारण तिची नायिका भाषाशास्त्रज्ञ ठरली आणि चियांगला भाषाशास्त्र येत नव्हतं. मग काही वर्षं ते वाचणं आलं. परग्रहावरच्या, लिपीत अख्खं वाक्य एकाच वेळी मांडणाऱ्या जीवांची भाषा शिकता शिकता लुईझ बँक्सची काळाची जाणीव बदलते आणि तिला आपल्या मुलीचं आयुष्य शेवटापर्यंत आधीच दिसतं. व्याकरणातले काळ या कथेत जे काम करतात, ते वरवरच्या अभ्यासावर कुणाला जमलं नसतं. मुलीशी बोलताना आई 'तू पडशील', 'तू म्हणशील' असं भविष्यकाळात आठवते.

चियांगने एक गोष्ट अनेकदा सांगितली आहे. कथेचा शेवट ठाऊक झाल्याशिवाय तो लिहायला बसत नाही आणि बऱ्याचदा शेवटचा परिच्छेदच आधी लिहितो. म्हणजे लेखकही फर्माचाच किरण! असो.

१९९८ साली 'स्टारलाइट २' या संकलनात कथा आली आणि तिला नेब्युला मिळालं. सात वर्षं गायब असलेल्या लेखकाला वाचकांनी लक्षात कसं ठेवलं? इथे विज्ञानकथेच्या जगाची एक खासियत कामाला आली. मुख्य प्रवाहात मासिकातली कथा पुढच्या महिन्यात शिळी होते. या जगात मात्र कथेच्या लांबीप्रमाणे वेगवेगळे पुरस्कार आहेत. नेब्युलाच्या नियमात ७,५०० शब्दांखालची कथा, १७,५०० पर्यंतची दीर्घकथा आणि ४०,००० पर्यंतची लघुकादंबरी असे तीन स्वतंत्र गट आहेत, कादंबरीचा चौथा. वर्षातल्या उत्तम कथांची संकलनं निघतात, आणि संमेलनात जुन्या कथांवर तावातावाने बोलणारे वाचक भेटतात. ह्यूगो तर जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासदच मत देऊन ठरवतात. या यंत्रणेमुळे कथा मासिकापेक्षा जास्त जगते. 'ऑम्नी'ची छापील आवृत्ती १९९५ साली बंद पडली. 'टॉवर ऑफ बॅबिलॉन' अजून वाचली जाते.

२००२ साली 'स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स' हा पहिला संग्रह आला. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'हेल इज द अ‍ॅब्सेन्स ऑफ गॉड'ला, जिच्यात देवदूतांचं दर्शन भूकंपासारखं माणसं मारतं, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले. संग्रहासाठी एक नवी कथा लिहिली होती, 'लायकिंग व्हॉट यू सी : अ डॉक्युमेंटरी'. तिला २००३च्या ह्यूगोसाठी नामांकन मिळालं आणि चियांगने ते नाकारलं. संपादनाच्या घाईत कथा उरकावी लागली, आपल्याला हवी तशी ती उतरली नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

यावर थोडं थांबायला हवं. नामांकन नाकारायला पैसे लागत नाहीत, पण ते स्वस्तही नाही. नामांकनावर पुस्तक खपतं, पुढचा संग्रह विकायला सोपा जातो. कथाही काही पडेल नव्हती. चेहऱ्याचं सौंदर्य जाणवूच नये अशी मेंदूत सोय केली तर काय, या प्रश्नावर अनेक लोकांच्या साक्षींतून उभी केलेली ती कथा मला त्याच्या उत्तम कथांपैकी वाटते. वाचक म्हणून माझा त्याच्याशी मतभेद आहे. पण कारकीर्द म्हणून पाहिलं, तर त्या नकाराने काय ठरवलं ते स्पष्ट दिसतं. त्यानंतरच्या काळात तो बाहेरून आलेल्या मुदतीला बांधलेला दिसत नाही. पुढची छोटीशी कथा २००५ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आली, आणि मोठी कथा यायला २००७ उजाडलं.

ती होती 'द मर्चंट अँड द अल्केमिस्ट्स गेट', बगदाद आणि कैरोतली, वीस वर्षांच्या पलीकडे उघडणाऱ्या दाराची. सबटेरेनियन प्रेस या छोट्या प्रकाशनाने ती स्वतंत्र पुस्तक म्हणून काढली. २०१० साली 'द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स' ही त्याची सर्वांत लांब रचना याच प्रकाशनाने काढली, सुमारे तीस हजार शब्दांची. दोन्हींना ह्यूगो मिळालं. मधल्या 'एक्झलेशन' या कथेलाही. पहिला संग्रह २०१० साली स्मॉल बियर प्रेसने पुन्हा छापला. ते नावाप्रमाणेच छोटं प्रकाशन. इतके पुरस्कार असलेल्या लेखकाचं पुस्तक बाजारात ठेवायला तेव्हा एक लहान घर पुढे आलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुरस्कार आणि बाजार यांची भेट होतेच असं नाही.

ती भेट घडवली चित्रपटाने, आणि तीही अठरा वर्षांनी. पटकथाकार एरिक हायसररला 'स्टोरी ऑफ युअर लाइफ'ने झपाटलं होतं. बरीच वर्षं तो स्टुडिओंचे उंबरठे झिजवत राहिला, कारण बाई विचार करते आणि समजून घेते यावर चित्रपट कोण काढणार? अखेर डेनी व्हिलनव्हच्या दिग्दर्शनाखाली २०१६ साली 'अरायव्हल' आला. सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च, वीस कोटींवर गल्ला, आठ ऑस्कर नामांकनं आणि ध्वनिसंकलनाचं एक ऑस्कर. कथासंग्रह पुन्हा निघाला, आता मोठ्या प्रकाशनाकडून आणि चित्रपटाचं नाव मुखपृष्ठावर घेऊन.

हे नशीब होतं, यात वाद नाही. पण ते ज्याच्या दारात आलं त्याच्या हातात काय होतं, हेही पाहावं. मासिकं आणि संकलनं सहसा कथा पहिल्यांदा छापण्याचा हक्क विकत घेतात, ठरावीक मुदतीसाठी. नंतर तो हक्क लेखकाकडे परत येतो आणि चित्रपट, भाषांतर, पुनर्मुद्रण हे हक्क त्याच्याचकडे असतात. नव्या लेखकाला पुढे केलेल्या करारात 'सर्व हक्क' असे दोन शब्द असले, तर सहाशे डॉलरच्या मोबदल्यात तो नेमकं हेच देऊन बसतो. करार वाचा, हा कंटाळवाणा सल्ला आहे आणि कथालेखकासाठी शैलीवरच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे.

२०१९ साली दुसरा संग्रह 'एक्झलेशन' आला तो नॉफसारख्या प्रतिष्ठित साहित्यिक प्रकाशनाकडून. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या वर्षीच्या दहा उत्तम पुस्तकांत तो घेतला. कथासंग्रह, त्यातही विज्ञानकथांचा, कादंबरी एकही न लिहिलेल्या लेखकाचा. 'न्यूयॉर्कर'ने त्याच्याकडून कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे लेख छापले. त्यातल्या फेब्रुवारी २०२३च्या लेखात त्याने चॅटजीपीटीला आंतरजालाची अस्पष्ट जेपेग प्रत म्हटलं (जेपेग म्हणजे तपशील गाळून चित्राची फाइल लहान करण्याची पद्धत), आणि ही उपमा अनेकांच्या तोंडी झाली. किचकट यंत्रणा साध्या शब्दांत समजावायची, हे त्याचं जुनं नोकरीतलंच काम इथे उपयोगी पडलं असावं, असा माझा तर्क.

आता, आज कथा पाठवणाऱ्या माणसाने या प्रकरणातून काय उचलावं? रस्ता जसाच्या तसा उचलता येत नाही. १९९०चं 'ऑम्नी' आज नाही. त्याच फेब्रुवारी २०२३मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या नामांकित मासिकाला कथा स्वीकारणं काही काळ बंद करावं लागलं, कारण यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा लोंढा आला. वीस दिवसांत पाचशेच्या वर. नवोदितासाठी उघडं असलेलं दारच तुंबलं. शिवाय पहिल्याच कथेला नेब्युला मिळाल्यावर सात वर्षं गप्प बसणं वेगळं, आणि पहिली कथा कुणी न वाचता सात वर्षं गप्प बसणं वेगळं. दुसऱ्या माणसाचं मौन कुणाच्या लक्षातही येत नाही. कमी लिहिलं म्हणून चियांग मोठा झाला, असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत, आणि त्यांतले बरेच जण काहीच लिहीत नाहीत.

मला उचलण्याजोगी वाटते ती त्याची वाटणी. उत्पन्न एका कामाकडून घ्यायचं, आणि कथेकडे उत्पन्न मागायचं नाही. या वाटणीची किंमतही त्याने मोजलीच आहे. सतरा या आकड्यात ती दिसते. नोकरी नसती तर कदाचित चाळीस कथा झाल्या असत्या, आणि त्यांत 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' असती की नसती हे कुणालाच सांगता येणार नाही. सात वर्षांत एखादी मालिका लिहून तो स्थिरस्थावर झाला असता, हीही शक्यता होती. कार्यशाळांमधून बाहेर पडणारे अनेक चांगले लेखक तेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

"कादंबरी कधी?" या प्रश्नाला चियांगचं उत्तर साधारण एकच असतं : कादंबरीच्या लांबीची कल्पना सुचली तर लिहीन.